रंगखात्याच्या जागेवर बाग नको

फेब्रुवारी 2019 मध्ये त्या कारखान्याच्या फाटकातून मी पहिल्यांदा आत गेले, तेव्हा हातात टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्राने केलेला नकाशा होता आणि डोक्यात लेआउट जवळजवळ तयार होता. पूर्व नागपुरातली साडेनऊ एकर जागा. सूत रंगवण्याचा आणि धुण्याचा हा कारखाना बंद पडून पंधरा-सोळा वर्षं झाली होती. मालकांच्या कुटुंबाने शहरातल्याच एका विकासकाशी करार केला होता आणि टाउनशिपचा आराखडा करायचं काम आमच्या छोट्या कचेरीकडे आलं होतं. नऊ इमारती, सहाशेच्या वर घरं, शाळेपुरती जागा, दुकानांची एक रांग. मी पंधरा वर्षं लेआउट करतेय, पण एवढं मोठं आणि तेही कारखान्याच्या जमिनीवरचं काम पहिलंच.

मागच्या अंगाला, नाल्याकडे, सात मोठे कडुनिंब आणि एक उंबर उभा होता. बाकी सगळीकडे मोडके पत्रे, बेशरमीची झुडपं आणि भिंतीतून उगवलेले पिंपळ. त्या निंबांच्या सावलीत मी पाच मिनिटं उभी राहिले आणि तिथल्या तिथे नकाशावर पेन्सिलने गोल केला. बाग इथे. आपल्याकडे 4,000 चौरस मीटरच्या वरच्या जागेत 10 टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. इथे झाडं आयती होती, जागा सखल असल्यामुळे इमारतीला गैरसोयीची होती, म्हणजे विकासकाचंही नुकसान नव्हतं. सगळ्यांना पटेल असा निर्णय होता आणि सगळ्यांना पटलाही.

तो निर्णय चुकीचा होता. कसा चुकीचा होता आणि ते कळायला काय काय करावं लागलं, ते नीट लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं. नागपुरात अशा जागा अजून आहेत, आणि त्यांच्यावर लेआउट काढणारे माझ्यासारखे लोकही आहेत.

सुरुवात नेहमीप्रमाणे कागदांपासून झाली. आखीव पत्रिका (शहरी जमिनीच्या मालकीचा कागद), जुना सातबारा, खसऱ्याचे म्हणजे भूमापन क्रमांकांचे नकाशे, विकास आराखड्यातला झोनचा दाखला. जमीन नझुलाची, म्हणजे सरकारी, नव्हती, कुटुंबाच्या मालकीची होती. एमआयडीसीतला भूखंड असता तर तो भाडेपट्ट्याचा असतो, तिथला रस्ता वेगळा. ही जागा महापालिकेच्या हद्दीत, औद्योगिक विभागात. औद्योगिक विभागातल्या जमिनीवर घरं बांधता येतात, पण त्यासाठी अटी आहेत, आणि त्यातली एक अट अशी की कारखाना बंद पडलेला असेल तर कामगार आयुक्तांचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. कामगारांची देणी राहिलेली नाहीत, हे आधी सिद्ध करायचं, मग घरांचं बोलायचं.

विकासकाच्या कचेरीत हा कागद यादीत सतराव्या क्रमांकावर होता. 'होऊन जाईल' अशा स्वरात त्याचा उल्लेख व्हायचा. प्रत्यक्षात त्यालाच चौदा महिने लागले. मालकांच्या जुन्या मुनीमजींकडे एक हजेरी रजिस्टर निघालं. कापडी बांधणीचं, कडा उंदरांनी खाल्लेल्या, आत तिकीट नंबर आणि नावं. 163 नावं. त्यातल्या साठच्या आसपास लोकांची ग्रॅच्युइटी आणि कारखाना बंद झाल्याचा मोबदला पूर्ण मिळालाच नव्हता. काही वारले होते, त्यांच्या बायकांकडे वारसाचा कागद नव्हता. काही पांढुर्ण्याकडे गावी परत गेले होते. दोघं सुरतेला यंत्रमागावर होते. मी आराखडा करणारी, माझं हे काम नव्हे. पण सुनावणीला जागेचा नकाशा लागायचा म्हणून मी जायची, आणि तिथल्या बाकावर बसून बसून त्या यादीतली माणसं ओळखीची होत गेली. ग्रॅच्युइटीचा हिशेब वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराचा. पंचवीस वर्षं रंगाच्या वाफेत उभं राहिलेल्या माणसाचा तो आकडा, त्याच्या शेवटच्या पगारावर काढलेला, कागदावर किती लहान दिसतो हे मी तिथे पाहिलं.

त्याच बाकावर मला जॉबरकाका भेटले. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. वय सत्तरीच्या पुढे, पांढरा पायजमा, खिशात चष्म्याचं घर. रंगखात्यात आधी बदली कामगार म्हणून लागले, मग जॉबर, म्हणजे खात्यातल्या कामगारांवरचे मुकादम, झाले. माझ्या मांडीवरचा नकाशा ते बराच वेळ उलटा पाहत होते. मी तो त्यांच्याकडे वळवला.

"हे गोडाउन कायचं?" त्यांनी विचारलं.

"जुनं गोडाउन असं मोजणीत आलंय काका."

"गोडाउन नाही ताई. रंगखातं होतं ते. आन त्याच्या मांगं चार हौद होते. तुमच्या कागदावर तं एकही नाही."

मी म्हटलं, जागेवर येऊन दाखवाल का? तिसऱ्या दिवशी ते नातवाच्या गाडीवर बसून आले.

फाटकातून आत आल्यावर ते थोडा वेळ बोललेच नाहीत. मग चालू लागले, आणि जसे चालले तसा तो उजाड मलबा माझ्यासमोर कारखाना होत गेला. इथे टाइम ऑफिस, इथे बॉयलर, इथे गाठी उतरायच्या, इथे सूत वाळत घालायचं. कॅन्टीनची जागा त्यांनी ओट्यावरून ओळखली. चालत चालत ते माझ्या सात निंबांपाशी आले आणि काठीने जमिनीवर ठोकलं.

"हौद इथंच. कारखाना बंद झाला तवा मलबा टाकून बुजवून टाकले. माही चप्पल पडली होती एकदा त्याच्यात. काढली तं हिरवीगार. मायनं घरात घेऊ नाही देल्ली."

"आणि हौदातलं पाणी कुठे जायचं?"

"नाल्यात जाय. पण नाला भरला का मांगं येत जाय. मंग त्या खड्ड्यात सोडत होतो, तिकडं, बॉयलरची राख टाकत होते तिथं. आमालेच लावत होते सोडाले."

काठीचं टोक जिथे टेकलं होतं तिथे माझी बाग होती. झोपाळे, घसरगुंडी, आणि लहान मुलांसाठी मातीत खेळायची जागा. ती मी स्वतः आग्रहाने घातली होती, कारण आजकालच्या सोसायट्यांत मुलांना माती दिसतच नाही, असं मला वाटतं.

त्या रात्री झोप लागली नाही, एवढं खरं सांगते. मी स्वतःला जाणकार समजत होते. जमीन वापरात असताना तिथे काय होत होतं हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. मी फक्त वरचे उंचवटे आणि उतार मोजले होते.

पुढच्या आठवड्यात जेसीबी लावून खड्डे घेतले. इमारतीसाठी माती तपासतात ती वेगळी, त्यात भार पेलण्याची ताकद बघतात. आपल्याकडे काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणून ती तपासणी सगळेच करतात. आम्हाला हवी होती ती रसायनांची तपासणी. अकरा ठिकाणी खड्डे, प्रत्येकी आठ-नऊ फूट खोल, प्रत्येक थराचा नमुना वेगळ्या बरणीत.

निंबांपाशी घेतलेला चौथा खड्डा मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. वर फूटभर मुरूम. त्याखाली विटांचे तुकडे, मातीच्या नळ्या, कुजलेलं कापड. त्याखाली राख, बॉयलरची, काळपट करडी, मुठीत घेतली तर काचेसारखी टोचणारी खडी असलेली. त्याखाली काळी माती यायला हवी होती आणि आलीही, पण तिच्या भेगांतून पिवळट हिरव्या रेघा खाली उतरल्या होत्या. भेगा म्हणजे काय हे नागपूरकराला समजावून सांगायची गरज नाही. मे महिन्यात उघड्या शेतात तळहात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाऊस आला की त्या मिटतात, पण मिटण्याआधी जे काही वरून आलं ते सरळ खाली गेलेलं असतं. काळी माती पाणी अडवते, म्हणून खालची विहीर सुरक्षित, असं आम्ही पुस्तकात शिकलो होतो. त्या खड्ड्याच्या भिंतीवर मी पाहिलं की उन्हाळ्यात हौदाचं पाणी सुटलं असेल तर तीच माती त्याला चाळणीसारखी वाट करून देते. पिवळ्या मातीच्या थरापर्यंत त्या रेघा गेल्या होत्या. खाली मुरूम लागला तिथे मात्र थांबलेल्या दिसल्या.

हे सगळं पाहताना एक जुनी गोष्ट आठवली. जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल उभारायला नागपुरात जागा घेतली ती तळ्याकाठची दलदल होती. ती भरून काढायला त्यांनी बराच पैसा घातला, तेव्हा हा माणूस सोनं मातीत घालतोय म्हणून इथल्या एका मारवाडी सावकाराने भांडवल द्यायला नकार दिला. 1 जानेवारी 1877 ला मिल सुरू झाली, चालली, आणि मग तोच सावकार म्हणाला की टाटांनी सोनं मातीत घातलं नाही, त्यांनी माती घातली आणि सोनं काढलं. नागपुरात ही गोष्ट मिलच्या कौतुकासाठी सांगतात. मला त्या दिवशी तिच्यातली भराव घातलेली जमीन दिसली. आपल्या शहरातली कितीतरी जागा अशी भरावाची आहे, आणि भरावात काय टाकलं हे टाकणाऱ्यालाच ठाऊक असतं. आज एम्प्रेसच्या जागेवर मॉल आहे, उंच इमारती आहेत. त्या जागेशी आमच्या कामाचा काही संबंध नाही. गोष्ट आठवली एवढंच.

अहवाल यायला पाच आठवडे लागले. सातच्या सात खड्डे, म्हणजे इमारतींच्या बाजूचे, जवळजवळ स्वच्छ. नाल्याकडच्या चार खड्ड्यांत क्रोमियम, तांबं, जस्त. हौदांच्या तळाशी साचलेल्या गाळात हेक्साव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे पाण्यात विरघळणारं आणि शरीराला सगळ्यांत घातक रूप. लोकरीच्या आणि काही सुती रंगांत पूर्वी क्रोमचे क्षार सर्रास वापरायचे, तेच हे.

मग विकासकाच्या कचेरीत बैठक झाली. इथे मी कोणाला वाईट ठरवायला बसलेली नाही, पण काय बोललं गेलं ते लिहायलाच हवं.

"मॅडम, मग अडचण काय आहे? इमारती चांगल्या जागेवर, बाग खराब जागेवर. तसंच तर तुम्ही काढलंय," विकासक म्हणाले. "वरून दोन फूट चांगली माती टाकू, लॉन लावू."

"सर, बागेतच तर माती उघडी असते. इमारतीखाली काँक्रीट असतं. मुलं बागेत बसतात, माती तोंडात घालतात. माळी खड्डे खणतो, झाडं लावतो. दोन फूट माती पाच वर्षांत वर-खाली होते."

"नियम कुठे आहे असा?"

त्या वेळी अशा जमिनीसाठी वेगळे नियम नव्हतेच. दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम केंद्राने 2025 मध्ये आणले. तेव्हा माझ्याकडे फक्त अकरा खड्ड्यांचा अहवाल होता आणि एक प्रश्न. मी विचारलं, तुमची नात या बागेत खेळेल का? कोणाच्या घरच्यांना मध्ये आणणं बरं नाही, हे मला कळतं. पण ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, किती खर्च येईल ते काढा.

खर्च आला तो आमच्या अंदाजाच्या दुपटीच्या जवळ. कारण त्यात विल्हेवाट होती. हौदांतला गाळ आणि त्याच्या भोवतीची माती घातक कचरा म्हणून बुटीबोरीच्या विल्हेवाट केंद्रात पाठवायची होती. असा कचरा कुठेही टाकता येत नाही. घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक ट्रकबरोबर फॉर्म 10, म्हणजे वाहतुकीचा नोंदपत्रक, जातो, प्रती ठरलेल्या माणसांकडे राहतात, आणि केंद्रावर वजन होऊन पोच परत येते. एका ठेकेदाराने सुचवलं होतं की शहराबाहेर त्याच्या ओळखीची एक खदान आहे, एका रात्रीत काम होईल. विकासकाने त्याला नाही म्हटलं. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण ते म्हणायला त्यांना कोणी भाग पाडलेलं नव्हतं.

एप्रिल-मेच्या उन्हात गाळ काढला. पावसाळ्याआधी काढायलाच हवा होता, नाहीतर उघड्या हौदात पाणी भरून तेच पाणी नाल्यात, नाल्यातून नाग नदीत, आणि पुढे कन्हानकडे गेलं असतं. मजुरांना रबरी बूट आणि मास्क दिले होते, पण पंचेचाळीस अंशांत मास्क कोणी घालत नाही. म्हणून कामाची वेळ पहाटे पाच ते सकाळी दहा केली. जुन्या शेडचे सिमेंटचे पत्रे अस्बेस्टॉसचे होते. ते फोडून खाली टाकायची पद्धत आहे, फोडलं की तंतू हवेत जातात. आम्ही ते पाणी मारून, बोल्ट कापून, अख्खे उतरवले. मुकादमाला सुरुवातीला हा वेळेचा अपव्यय वाटत होता. मग त्याने स्वतःहून विचारलं, त्याच्या गावच्या घरावरही असेच पत्रे आहेत, त्यांचं काय करावं? मी सांगितलं, शाबूत आहेत तोवर भीती नाही, त्यांना भोकं पाडू नका, घासू नका.

सात निंबांपैकी पाच वाचले. दोन अगदी हौदाच्या भिंतीत मुळं रोवून उभे होते, त्यांच्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागली. उंबर राहिला.

मधल्या काळात कोविड येऊन गेला, आणि डिसेंबर 2020 मध्ये राज्यभराची एकत्रित नियमावली, जिला आम्ही सगळे यूडीसीपीआर म्हणतो, ती लागू झाली. लेआउट पुन्हा मांडावा लागला. लोकांना ही डोकेदुखी वाटली. मला ती संधी वाटली, कारण आता कोरा कागद होता आणि जमिनीखाली काय आहे हे माहीत होतं.

बाग आता पुढच्या अंगाला आली, रस्त्याजवळ, सगळ्यांत चांगल्या जमिनीवर. तिथे खरं तर दुकानांची रांग होती, चौरस फुटाला सगळ्यांत जास्त भाव देणारी. ती थोडी आत सरकवली. हौदांची जागा आणि राखेचा पट्टा, जिथे कमी दूषित माती उरली होती, तिथे चिकणमातीचा थर, त्यावर जाड प्लास्टिकचा पडदा, त्यावर काँक्रीट, आणि वर पाहुण्यांच्या गाड्यांची पार्किंग. पाच निंब त्या पार्किंगच्या कडेला आहेत. पावसाचं पाणी जिरवायचे खड्डे मी त्या भागापासून सगळ्यांत लांबच्या कोपऱ्यात नेले. ही गोष्ट कोणीच सांगत नाही म्हणून सांगते. पाणी जिरवणं बंधनकारक आहे आणि चांगलंही आहे, पण दूषित भरावातून पाणी जिरवलं तर आपण तेच विष धुऊन खालच्या पाण्यात पोहोचवतो. सल्लागाराच्या नेहमीच्या नकाशात ते खड्डे सखल बाजूला, म्हणजे नेमके हौदांजवळ होते. कारण पाणी तिकडेच जातं. त्यासाठी पन्हळी उलट्या दिशेला वळवाव्या लागल्या, आणि त्यात पहिल्या पावसात एका इमारतीच्या जिन्याखाली पाणी साचलंही. ती चूक आमचीच होती, उतार कमी पडला होता. दुसऱ्या वर्षी दुरुस्त केला.

दोन निरीक्षण विहिरी घेतल्या. एक उताराच्या वर, एक खाली नाल्याकडे. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर दोन्हीतलं पाणी तपासायचं. वरच्या विहिरीत जे नाही ते खालच्या विहिरीत आलं, तर कळेल की काहीतरी सुटलंय.

लहान घरांचा मुद्दा थोडक्यात सांगते. नागपूरसारख्या दहा लाखांवर वस्तीच्या शहरात एवढ्या मोठ्या लेआउटमध्ये वीस टक्के घरं आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवावी लागतात. ती इमारत मागे, नाल्याला लागून, वेगळ्या फाटकाची, असा सगळीकडचा रिवाज. पहिल्या नकाशात मीही तशीच काढली होती. दुसऱ्या नकाशात ती बागेला लागून आली. विक्रीवाल्यांनी खूप विरोध केला. मी मागे हटले नाही, आणि महापालिकेतल्या एका अधिकाऱ्याने माझ्या बाजूने दोन शब्द बोलून ते निभावून नेलं. जुनी आठ फुटी भिंत एका ठिकाणी तोडून शेजारच्या वस्तीतल्या लोकांना बसस्टॉपपर्यंत जायला पायवाट द्यावी, हे मात्र मला मिळालं नाही. कारखाना चालू असताना ती वस्ती वळसा घालून जायची, आजही वळसा घालूनच जाते. याचं मला अजून वाईट वाटतं.

बांधकाम वीस हजार चौरस मीटरच्या वर असल्याने राज्याच्या पर्यावरण प्राधिकरणाची मंजुरी लागली. तिथे आमचा खड्ड्यांचा अहवाल, बुटीबोरीच्या पोच, विहिरींची जागा, सगळं ठेवलं. प्रश्न पुष्कळ आले, पण प्रत्येकाचं उत्तर कागदावर होतं. चौदा महिने ज्या कामगार आयुक्तांच्या प्रमाणपत्राची सगळे वाट बघत होते, त्याच काळात आमचे खड्डे आणि अहवाल होऊन गेले होते. वेळ गेला असं वाटलं होतं, प्रत्यक्षात तो वापरला गेला. देण्यांच्या यादीतली जवळजवळ सगळी नावं निकाली निघाली. ज्यांचे वारस सापडले नाहीत त्यांची रक्कम जमा करून ठेवली. जॉबरकाकांना त्यांचे पैसे मिळाले त्या दिवशी ते कचेरीत संत्र्यांची पिशवी घेऊन आले होते.

शेवटचं भांडण महारेरावर, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर, प्रकल्प नोंदवताना झालं. मंजूर लेआउट सगळ्यांना दिसावा म्हणून तिथे चढवतात. पार्किंगखालची झाकलेली जागा त्यात आडव्या रेघांनी दाखवावी आणि विक्री करारातही तिचा उल्लेख असावा, असा माझा आग्रह होता. विक्रीवाले म्हणाले, कोण घेईल मग घर? माझं म्हणणं साधं होतं. वीस वर्षांनी आपण कोणी इथे नसू. सोसायटीची कमिटी बदलेल, पाण्याची टंचाई येईल, कोणीतरी म्हणेल की पार्किंगमध्ये बोअर मारू. ड्रेनेजची लाइन टाकायला कोणी काँक्रीट फोडेल. त्यांना कसं कळणार? हौद मलब्याने बुजवणाऱ्यांनी त्याची कुठे नोंद केली असती तर मला बाग तिथे काढावीच लागली नसती.

शब्दांवर तीन दिवस घासाघीस झाली. 'दूषित' शब्द त्यांना नको होता. शेवटी असं ठरलं: 'पूर्वीच्या औद्योगिक वापराचे क्षेत्र, खोदकाम व कूपनलिका करू नये, पृष्ठभागाची निगा सोसायटीने राखावी.' तेवढं करारात आलं. मला त्यापेक्षा स्पष्ट हवं होतं. पण ते आहे, प्रत्येक घराच्या कागदांत आहे.

मला वाटलं होतं की लोक विचारतील, घाबरतील. फार थोड्यांनी विचारलं. एक बाई, नागपूरच्या मिहान या औद्योगिक क्षेत्रातल्या कंपनीत काम करणारी, नमुना घर बघायला आली होती. तिने करार ओळ न् ओळ वाचला होता. मी तिला पार्किंगपाशी नेलं, सगळं सांगितलं, अहवाल दाखवला. तिने दोनच प्रश्न विचारले, पिण्याचं पाणी कुठून येणार आणि मुलांची बाग कुठे आहे. पाणी महापालिकेचं. बाग समोरच होती. तिने तळमजल्यावरचं घर घेतलं, बागेकडे खिडकी असलेलं.

2024 मध्ये पहिल्या चार इमारती ताब्यात दिल्या आणि सोसायटी झाली. हस्तांतराच्या बैठकीला मी गेले होते. लिफ्टची कंत्राटं, अग्निशमनाचं प्रमाणपत्र, पंपांच्या वॉरंटी असं एकेक फाइलीतून सुपूर्द होत होतं. माझी फाइल शेवटी. आत अकरा खड्ड्यांचे फोटो, बुटीबोरीच्या पोच, विहिरींच्या पाण्याचे चार अहवाल, आणि जॉबरकाकांनी आपल्या हाताने काढलेला कारखान्याचा नकाशा. टाइम ऑफिस, बॉयलर, कॅन्टीन, चार हौद, वहीच्या कागदावर, निळ्या पेनाने. त्याची प्रत मी करून ठेवली होती, पण मूळ कागदच दिला.

सचिव म्हणून निवडून आलेले गृहस्थ निवृत्त शिक्षक होते. त्यांनी फाइल चाळली, त्या हातनकाशावर थोडे रेंगाळले, मग विचारलं, "या विहिरीला कुलूप आहे का?"

"आहे सर. दोन्हींना."

"चावी कोणाकडे?"

मी पर्समधून काढून टेबलावर ठेवली. त्यांनी बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घेतलं: निरीक्षण विहिरींच्या चाव्या सचिवांकडे, पुढील नमुना जूनमध्ये.